नावाड्याच्या दारावरचा दिवा

सतरा दिवस नावाड्याच्या दारावरचा दिवा ती लावत होती आणि हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं. शेजारी परगावी गेला की आपण त्याच्या कुंड्यांना पाणी घालतो, तसं.

संध्याकाळी सव्वासहाला ती कामावरून यायची, हात कोपरापर्यंत धुवायची, चहा टाकायची आणि चहाला उकळी येईस्तोवर टॅबलेट उघडून दरीत उतरायची. दरी हा खेळ होता. एकाच वेळी हजारो माणसं त्यात असत. एक मोठं तळं, भोवती डोंगर आणि काठाकाठानं खेळणाऱ्यांनी फळीला फळी जोडून बांधलेली घरं. लढाई नाही, हारजीत नाही. माणसं कुठून कुठून येत. नाव, वय, धंदा कुणी विचारत नसे. टोपणनावावर सगळं भागे. तिचं टोपणनाव साळुंकी.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती दीड महिना पलंगाला खिळली होती, तेव्हा भाचीनं तिला हे लावून दिलं. "वेळ जाईल, मावशी," म्हणाली होती. पहिल्या दिवशी तिची होडी एकाच खडकाभोवती तीनदा फिरली. मागून कुणीतरी दोनदा खोकलं, दार वाजवल्यासारखं, आणि मग आवाज आला, "पाय मोडलाय की वल्हं?"

"पाय," ती म्हणाली. खरंच मोडल्यात जमा होता.

तो नावाडी. नव्या माणसांना तळ्यापलीकडे सोडणं हा त्यानं स्वतःच पत्करलेला उद्योग होता. त्या दिवशी चाळीस मिनिटं थांबून त्यानं तिला वल्हं मारायला शिकवलं. पुढे ती त्याच्या शेजारीच घर बांधून राहिली. बोलण्याआधी तो नेहमी तसा दोनदा खोकायचा.

दरीतल्या तळ्यापासून वरच्या कड्यापर्यंत एकशे बारा पायऱ्या होत्या आणि त्यातली एकोणचाळिसावी हलायची, हे तिला ठाऊक होतं. स्वतःच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत किती पायऱ्या आहेत ते तिला सांगता आलं नसतं. इथे ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढे. तिथे धावत जाई. दरीत बर्फ पडायला लागला की ती खुर्चीवरची शाल ओढून घ्यायची, बाहेर पंखा चालू असला तरी. नवऱ्यानं हे पाहिलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा, त्यामुळे त्याच्या नजरेतून फारसं काही सुटत नसे. तिनं टॅबलेट हातात घेतला की तो म्हणायचा, "निघाली माहेरी." ती हसायची. पण नाही म्हणायची नाही.

दरीचा एक नियम होता. प्रत्येक घराच्या दारावर एक दिवा. मालक दरीत आला की तो आपोआप पेटे आणि पुढे तीन दिवस जळे. मालक आलाच नाही तर विझे. विझून सात दिवस झाले की दरी ते घर परत घेई: फळ्या, छप्पर, धक्का, सगळं. मात्र मालकानं ज्याला शेजारहक्क दिला असेल त्यानं दिव्यात तेल घातलं तर दिवा एक दिवस जळे. पाहणाऱ्याला दिवा कुणी लावला ते कळत नसे.

"दोन-चार दिवस दिसणार नाही मी," नावाडी जाताना म्हणाला होता. "दिव्यासाठी धावपळ करू नकोस."

असं माणसं म्हणतातच. घरी आलेला पाहुणासुद्धा चहा नको म्हणतो, म्हणून आपण आधण उतरवून ठेवत नाही. तिनं धावपळ केली. रोज अर्धा तास बिया घाण्याला घालून तेल काढलं, सहा चाळीसच्या आत त्याच्या दिव्यात ओतलं. तीन वर्षं खपून त्यानं तो धक्का बांधला होता. तो कोसळू द्यायचा आणि परत आल्यावर त्याला तोंड दाखवायचं, हे तिच्यानं झालं नसतं.

सतराव्या दिवशी साडेसहाला ती तेल घेऊन धक्क्यावर गेली तर ती बाई पुन्हा तिथे होती.

आठवडाभर तिनं या बाईला पाहिलं होतं. अंगात गोणपाटाचे कपडे, म्हणजे नव्या खेळाडूला पहिल्या दिवशी मिळतात तेच. रोज साडेसहाला यायची, नावाड्याच्या दारासमोर मिनिटभर उभी राहायची आणि नाहीशी व्हायची. होडी बघायची नाही, घर बघायची नाही. पलीकडे जायचं असेल आणि लाजत असेल, असं साळुंकीनं धरलं होतं. आज तिनं लिहिलं, "नावाडी इथे नाही सध्या. मी सोडते तुम्हाला पलीकडे."

बाईला लिहायला वेळ लागला. अक्षरं एकेक करून आली.

"मला कुठे जायचं नाही. मी खेळत नाही. दिवा बघायला येते."

"दिवा?"

"मी त्याची बहीण. तो माझा फोन घेत नाही. वडिलांच्या दुखण्यात आमचं बिनसलं. तो म्हणाला, फोन करू नकोस, घरी येऊ नकोस, रोज इथे येऊन दिवा बघ. दिवा दिसला म्हणजे मी ठीक आहे. दिसला नाही तर ये."

साळुंकीच्या हातात तेलाचा डबा होता.

"एकटा राहतो हो," बाईनं पुढे लिहिलं. "गोळी चुकली की फिट येते त्याला. पण दिवा दिसतो रोज. तेवढ्यावर झोप लागते मला."

चहा ऊतू गेला. शेगडीवर चर्र झालं, आतून नवरा काहीतरी म्हणाला. साळुंकी पडद्याकडे बघत राहिली. तीन दिवस दिवा आपला आपण जळला, सतरा दिवस तिनं लावला. वीस दिवस. वीस दिवस त्या माणसाचा पत्ता नव्हता, आणि ज्या एका माणसाला ते कळायला हवं होतं तिला साळुंकी रोज संध्याकाळी सगळं ठीक असल्याचं कळवत होती.

तिनं लिहायला घेतलं. 'दिवा' एवढंच लिहून झालं. मग तिनं ते पुसलं, "हो, दिसतो खरा" असं लिहिलं आणि टॅबलेट पालथा घातला.

आपण काय केलं ते तिला एका मिनिटात उमजलं. तिनं टॅबलेट पुन्हा उघडला. धक्का रिकामा होता. दिव्यात कालचं तेल संपत आलं होतं. सहा चाळीसला तो विझेल, पण आता विझला काय आणि जळला काय, बहीण बघून गेली होती. पुन्हा येणार ती उद्या साडेसहाला. ज्योत बारीक झाली तसा तिचा हात सवयीनं पुढे झाला आणि तिनं तेल ओतलं. ओतल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

नवरा शेगडी पुसत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं, स्वतः पळून आल्याचं सोडून.

"मग पोलिसांत कळव," तो म्हणाला. "नाव काय त्याचं?"

"नावाडी."

"खरं नाव, बाई."

तिनं चहाचं पातेलं विसळायला घेतलं.

"गाव? रस्ता? आडनाव तरी?"

"त्याच्या घरातलं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. टोल ऐकू येतात, त्यावरून कळतं. मोरीतला नळ ठिबकतो."

"वा. सांग तेच. घड्याळ धरून आणतील." मग तिचा चेहरा पाहून त्यानं फडकं खाली ठेवलं. "त्या बहिणीला का नाही सांगितलंस?"

"ती गेली," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

खेळ चालवणाऱ्या कंपनीला तिनं तक्रारीच्या खिडकीतून लिहिलं. सकाळी उठल्या उठल्या उत्तर पाहिलं: खेळाडूंची खासगी माहिती आम्ही कुणालाही देत नाही, आपल्या काळजीबद्दल आभार. खाली आमच्या सेवेबद्दल किती तारे द्याल, असं विचारलं होतं.

ती काम करायची ते मोठ्या इस्पितळाच्या तळघरात. ऑपरेशनची वापरलेली अवजारं वरून यायची. ती धुवायची, मोजायची, ट्रेमध्ये लावायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. प्रत्येक गाठोड्यावर एक फिकट पट्टी चिकटवलेली असे. वाफ लागली की पट्टीवर काळ्या रेघा उमटत. बाहेरची पट्टी काळी झाली म्हणजे गाठोडं यंत्रातून गेलं, एवढंच कळतं. वाफ आतल्या कात्रीपर्यंत पोचली का, ते कळत नाही. त्यासाठी ट्रेच्या मधोमध आणखी एक पट्टी ठेवावी लागते. वर ऑपरेशनच्या टेबलाशी गाठोडं उघडल्यावर ती आधी बघतात. एकवीस वर्षांत तिनं आतली पट्टी विसरून एकही ट्रे वर पाठवला नव्हता. दुसऱ्याच्या ट्रेवर सही तर कधीच नाही. नव्या मुलींना ती दटावायची, "जे तुम्ही डोळ्यांनी बघितलं नाही, त्याच्यावर नाव घालायचं नाही."

यंत्र मामा चालवायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. साऱ्या तळघराचे ते मामा.

साडेदहाला मामांनी यंत्रात घालायला उचललेला ट्रे पुन्हा टेबलावर ठेवला. "ताई, हा तुमचा का?"

"हो."

"पोटातली पट्टी नाही याच्या."

तिनं गाठोडं सोडलं. खरंच नव्हती. तिच्या कानशिलांत गरम झालं. मामांनी आवाज न चढवता विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"घरी ठीक आहे."

"मग कुठे नाही?"

काय सांगणार? दरीत, असं सांगायचं? तिनं पट्टी ठेवली, कापडाच्या चारही कडा नव्यानं दुमडल्या. उरलेली सकाळभर ती प्रत्येक ट्रे दोनदा उघडून बघत राहिली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर पाच मिनिटांनी बघितलं. तो माणूस मोरीच्या दारात पडलाय आणि नळ ठिबकतोय, हे चित्र काही केल्या समोरून हलत नव्हतं. आणि गंमत अशी की ती मोरी तिनं कधी पाहिलीच नव्हती. तिच्या मनानं तिथेही दरीतल्या फळ्याच ठोकल्या होत्या.

साडेपाचला सुटी. पाच वाजता वरून निरोप आला, अपघाताची केस आहे, दोन मोठे ट्रे लागतील. ती निघाली ती सहाला पाच कमी असताना. बस मिळाली, पण पुलाच्या अलीकडे वाहनं तुंबली. सहा सव्वीसला ती मधल्याच थांब्यावर उतरली आणि एका बंद छापखान्याच्या पायरीवर बसली. टॅबलेट घरी होता. फोनवर दरी कशीबशी चालायची. चित्र अडखळायचं, आवाज तुटायचा. समोरून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जात होती. एकानं तिच्या गुडघ्याला पिशवी लागली म्हणून माफी मागितली, तिला ते नंतर आठवलं.

सहा एकोणतीसला ती स्वतःच्या दारात उतरली. धक्क्यापर्यंत वीस पावलं. चित्र चौथ्या पावलावर अडकलं. तिनं फोन डोक्यावर धरला, मग पायरीच्या दुसऱ्या टोकाला सरकली. सुटलं. दिव्याखाली गोणपाटातली बाई उभी होती.

तिनं आधी लिहिलं, "जाऊ नका."

मग, "दिवा मी लावते. सतरा दिवस. तो आलेला नाही. वीस दिवस आलेला नाही. घरी जाऊन बघा. आत्ता जा."

बाई हलली नाही. वाचतेय की चित्र अडकलंय, कळायला मार्ग नव्हता. तिनं आपला फोन नंबर लिहिला. त्याच्या फुल्या झाल्या. अनोळखी माणसांनी नंबर देऊ-घेऊ नयेत म्हणून दरी आकड्यांच्या फुल्या करते. मग तिनं एकेक आकडा अक्षरांत लिहिला. सात लिहिताना साठ झालं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं. चित्र थिजलं. फोनच्या कडेवरून कुणाची तरी सावली गेली. चित्र पुन्हा हललं तेव्हा दिव्याखाली कुणी नव्हतं.

वाचून गेली की नुसतीच मिनिट संपलं म्हणून गेली?

सहा चाळीसला दिव्याची ज्योत बारीक झाली. तिच्या दरीतल्या झोळीत काल काढलेलं तेल होतं. तिनं दोन्ही हातांनी फोन धरून ठेवला. ज्योत एकदा उसळली आणि गेली. नावाड्याचं दार पहिल्यांदा काळोखात दिसलं. वाचलं नसेल तर उद्या तरी तिला अंधार दिसेल, एवढाच तिच्या मनाचा हिशोब होता. पण उद्या म्हणजे आणखी चोवीस तास, आणि त्याआधीचे चोवीस तिनं स्वतः, टॅबलेट पालथा घालून, वाया घालवले होते.

घरी नवऱ्यानं विचारलं, "सांगितलंस?"

"लिहिलं. पोचलं की नाही माहीत नाही." आणि मग तिनं कालचंही सांगून टाकलं. 'हो, दिसतो खरा' असं लिहिलं होतं, तेही.

त्यानं तिच्या ताटात वाढलं आणि तो समोर बसून राहिला. माहेरचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन कपाटात न ठेवता एप्रनच्या खिशात ठेवला. तळघरात हे चालत नाही. मामांनी खिशाचा फुगवटा पाहिला आणि यंत्राच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "कोपऱ्यात तो जुना चौरंग आहे ना, तिथे आवाज बरा येतो. मी इथे आहे."

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज, घोगरा, रात्रभर प्रवास केलेला.

"साळुंकी का?"

"हो."

"मी नावाड्याची बहीण." तिच्या मागे चाकं घरंगळत होती, कुणीतरी कुणाला तरी सलाईन बदलायला सांगत होतं. साळुंकीला हे आवाज चांगले ओळखीचे होते. "आहे," बहीण म्हणाली. "जिवंत आहे."

साळुंकी चौरंगावर बसली.

"दार आतून बंद होतं. शेजाऱ्यांनी कडी तोडली. पलंगावर होता. जागा होता. निम्मा झालाय हो. डॉक्टर म्हणतात अंगात पाणी राहिलेलं नाही. बिस्किटांचे कागद होते उशाशी. गोळ्या तेवढ्या घेत होता नेमानं."

"फिट?"

"नाही. काही झालंच नव्हतं त्याला. उठावंसं वाटेना म्हणतो. महिनाभर आधीपासूनचं आहे हे." ती थांबली. "मला बघून काय म्हणाला सांगू? म्हणाला, दिवा विझला की तू येशील, असं ठरवून पडलो होतो. विझेचना."

साळुंकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नकाशात दिसतात म्हणे दिवे, आत न जाता. रोज फोनवर बघायचा. रोज जळत असायचा. कोण लावत असेल तेही त्याला कळलं होतं. तुम्हाला नको लावू म्हणून कळवायचं, तर त्यासाठी आत यावं लागणार. आत आला की दिवा पुन्हा लागणार. आणि तीन शब्द लिहायला जी ताकद लागते ती नव्हती म्हणतो." बहिणीच्या आवाजात राग नव्हता. ती ठरलेली यादी वाचावी तसं बोलत होती. "मी एक विचारू? राग मानू नका. वीस दिवस माणूस दिसला नाही, तर कुणाला तरी सांगावं असं नाही वाटलं तुम्हाला?"

"घर पडू नये म्हणून," साळुंकी म्हणाली.

"कुठलं घर?"

यंत्राची शिटी झाली. मामांनी दार उघडलं आणि गरम वाफेचा लोट तळघरभर पसरला.

"काल तुम्ही लिहिलंत," बहीण म्हणाली. "परवाही लिहिता आलं असतं. पण काल लिहिलंत." आणि फोन ठेवला.

ट्रे संपेपर्यंत तिनं हात थांबवले नाहीत. मामांनी विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "आज सगळ्यांच्या पोटात पट्ट्या होत्या."

त्या संध्याकाळी तिनं बहिणीच्या नंबरावर नावाड्यासाठी निरोप लिहिला. चार ओळी लिहिल्या, तीन पुसल्या. राहिली ती अशी: 'धावपळ करू नकोस म्हणाला होतास, मी ऐकलं नाही.' तिसऱ्या दिवशी बहिणीकडून उत्तर आलं. तो म्हणतोय, दिव्याला हात लावायचा नाही. घर जाऊ दे.

अंधारात सात दिवस. ते सात दिवस तिनं दरीत जाणं टाळलं नाही, पण नेमलेलं काम नसलं की माणूस जसं घुटमळतं, तशी ती घुटमळली. झोळीत तेल होतंच. हात पुढे होई, ती मागे घेई. चौथ्या दिवशी तिनं सगळं तेल तळ्यात ओतून टाकलं. पाण्यावर मिनिटभर तवंग राहिला. तेही चित्रात दाखवण्याची काळजी कुणीतरी घेतली होती.

सातव्या दिवशी साडेसहाला बहीण आली. गोणपाटाचेच कपडे. दोघी धक्क्यावर उभ्या राहिल्या. सहा चाळीसला छपरापासून सुरुवात झाली. आवाज झाला नाही. एकेक फळी फिकट होत गेली, मग खांब, मग दार, शेवटी पायाखालचा धक्का. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या.

"हे घर होतं होय," बहिणीनं लिहिलं.

"हो."

"त्याची खरी खोली याच्यापेक्षा वाईट होती. पसारा बघवत नव्हता." मग, "आज जेवला. दोन घास टाकले, पण जेवला."

पुढे ती रोज येत राहिली. दिवा नव्हता, घर नव्हतं, तरी साडेसहाला गोणपाटातली बाई पाण्यात येऊन उभी राही आणि एक ओळ लिही. आज दाढी केली. आज नळ दुरुस्त करायला माणूस बोलावला, स्वतः. आज डॉक्टरांकडे नेला, जायला तयार नव्हता. आज माझ्याशी भांडला, वडिलांवरून, चांगला तासभर. साळुंकी प्रत्येक ओळ दोनदा वाचायची. नवरा चहा गाळत विचारायचा, "काय म्हणतं माहेर?" ती सांगायची. त्यालाही आता सवय झाली होती, एकदा तिच्याआधी त्यानंच विचारलं, "जेवला का तो?"

अठराव्या संध्याकाळी साडेसहाला तिथे कुणी नव्हतं.

ती थांबली. सहा एकतीस. बहिणीची वेळ कधी चुकली नव्हती, ती जेव्हा दिवा बघायला यायची तेव्हाही नाही. सहा तेहतीस. बस मिळाली नसेल. नेट गेलं असेल. पाहुणे आले असतील. एकेक कारण मनात आलं आणि प्रत्येक कारण तिला ओळखीचं वाटलं. हीच सगळी तिनं नावाड्यासाठीही वापरली होती, सतरा दिवस, एकामागून एक. सहा पस्तीस. पाणी संथ होतं. पलीकडच्या काठावर दिवे जळत होते, वीस-पंचवीस, सगळे सारखे.

"चहा," नवरा म्हणाला.

तिनं टॅबलेट टेबलावर ठेवला, उघडाच. फोन उचलला आणि त्या नंबरावर लावला.

एकदा वाजला. दोनदा. नवरा कप हातात धरून उभा राहिला. चौथ्यांदा वाजला. पाचव्यांदा वाजला आणि कुणीतरी उचलला. बोलणं आलं नाही. मागे कुठेतरी घड्याळाचा एक टोल पडला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला अजून बराच वेळ होता. मग लक्षात आलं, हा साडेसहाचा टोल होता. घड्याळ आता चार मिनिटं पुढे नव्हतं. मागे पडलं होतं, आणि कुणी लावलं नव्हतं.

"हॅलो," ती म्हणाली. "मी साळुंकी."

पलीकडे कुणीतरी दोनदा खोकलं.